छातीच्या उंचीवर

दुकानाच्या दारात तो थांबला तेव्हा तिला आधी वाटलं, चपलेत खडा गेला असेल. चादरी घ्यायला आले होते दोघं. घरातल्या चादरींची विरून जाळी झाली होती आणि आज सुट्टी होती, आणि आजारपणानंतर तो पहिल्यांदाच स्वतःहून चला म्हणाला होता. दाराच्या दोन्ही बाजूंना चोरी पकडणाऱ्या पांढऱ्या चौकटी उभ्या होत्या, माणसाच्या खांद्याला लागतील एवढ्या. लोक त्यांच्यामधून बिनदिक्कत आत-बाहेर करत होते. एक बाई तर एका चौकटीवर कोपर टेकवून निवांत फोनवर बोलत होती. तो त्यांच्या अलीकडेच उभा राहिला. उजवा हात डाव्या खांद्याखाली गेला, शर्टाचं बटण लागलंय ना ते बघावं तसा. मग तो एक पाऊल मागे सरला, मागून येणाऱ्या माणसाला "या, या" म्हणाला आणि तिच्याकडे वळून म्हणाला, "तू घे ना बघून. मला कुठं चादरीतलं कळतंय. मी आहे इथं." डॉक्टरांनी सांगितलं होतं, अशा चौकटींमधून सरळ चालत जा, काही होत नाही, फक्त तिथं रेंगाळू नका. तिला ते पाठ होतं. त्यालाही पाठ होतं. तरी तो थांबला. त्या मागे सरण्यात भीती दिसली असती तर तिनं हात धरून ओढत नेलं असतं त्याला, चार शब्द सुनावले असते. पण त्यात भीती नव्हतीच. अदब होती. दुसऱ्याच्या घरात आगंतुक गेलेला माणूस दारातच चपला काढून उभा राहतो, तशी. ती आत गेली. दुकानदारानं एकावर एक चादरी उलगडल्या, निळी, करडी, बारीक फुलांची, आणि ती प्रत्येकीवरून हात फिरवत राहिली. पण हाताला कापड लागत नव्हतं. डोक्यात एकच वाक्य येऊन उभं राहिलं होतं आणि ते बाजूला व्हायला तयार नव्हतं: अशा व्यक्तींना इमारतीत प्रवेश नाही. वाक्य छान होतं. छोटं, ठाम, कुठं फाटा फुटू न देणारं. तिनं स्वतःच तर लिहिलं होतं.

तिचं कामच ते. शहराच्या टोकाला, जिथं बसमध्ये शेवटी चार-दोन माणसं उरतात तिथं, जमिनीखाली एक लांब बोगदा होता आणि बोगद्यात मशीन. मशीन म्हणजे खरं तर एक नळी. मनगटाएवढी जाड, आतली हवा काढून घेतलेली. तिच्यातून कणांचा झोत धावायचा होता, जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं, आणि त्यानं वळावं, वाटेत विस्कटू नये, म्हणून नळीला ठिकठिकाणी कपाटाएवढाली चुंबकं मिठी मारून बसली होती. मशीन अजून सुरू झालेलं नव्हतं. सुरू करायला परवाना हवा आणि परवान्याला सुरक्षा-पुस्तिका. झोत सोडण्याआधी बोगद्यात कोणी मागे राहिलं नाही हे कसं पाहायचं, कुठल्या दाराची किल्ली काढली की काय काय बंद पडलं पाहिजे, भोंगा वाजला तर कुठल्या अंगाला चालत सुटायचं, लाल बटण दाबायचा अधिकार कोणाला (तर कोणालाही), हे सगळं ती लिहीत होती. जे घडू नये ते आधी आपण मनात घडवून पाहायचं, सावकाश, बारकाव्यांसकट, आणि मग ते घडणार नाही अशी वाक्यं त्याच्याभोवती रचायची. या नोकरीआधी ती मिक्सर, इस्त्र्या आणि पाणी तापवायच्या बंबांबरोबर येणाऱ्या माहितीपत्रिका लिहायची. झाकण उघडण्यापूर्वी भांडं थंड होऊ द्या. ओल्या हातांनी बटण दाबू नका. घरोघरच्या खोक्यांमध्ये थर्माकोलच्या खाली तिची वाक्यं न वाचता पडलेली असत आणि तिला त्याचं फारसं वाईट वाटत नसे. वाईट वाटायला लागलं ते इथं आल्यावर, कारण इथं एका माणसानं तिचं वाक्य वाचलं. तिचा पहिलाच मसुदा हातात घेऊन तो तिच्या टेबलापाशी आला. झोत वळवायचं गणित त्याच्याकडे होतं आणि सगळे त्याला वळणवाला म्हणत. म्हणाला, "भोंगा वाजल्यावर धावू नये, असं लिहिलंय तुम्ही. भोंगा वाजल्यावर माणूस धावणारच हो. नको म्हणून तो थांबणार आहे का? त्यापेक्षा कुठं धावायचं ते तरी सांगा." तिला राग आला होता. तो गेल्यावर तिनं वाक्य बदललं, आणि बदललेलं वाक्य दहादा वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी केस जरा बरे बांधून आली. पुढं लग्न झालं, एकत्र जेवणखाण, भांडणं, आजारपणं झाली, पण तो खेळ दोघांनी सोडला नाही. तिच्या वाक्यातली भोकं त्यानं शोधायची आणि त्याच्या वागण्यातली तिनं.

करड्या रंगाच्या दोन चादरी घेऊन ती बाहेर आली तेव्हा तो फुटपाथच्या कठड्यावर बसून समोरच्या दुकानाची पाटी वाचत होता. पिशवी त्यानं उजव्या हातात घेतली. डाव्या हातानं जड उचलायचं नव्हतं अजून. "छान आहेत," तो पिशवीत डोकावून म्हणाला. "मळखाऊ." चालताना तो नेहमीसारखा बोलत होता आणि ती हं हं करत होती, आणि मनात पुन्हा पुन्हा ती सकाळ येत होती, तो बेसिनपाशी दात घासत असतानाची. ब्रश पडल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. ती गेली तर तो भिंतीला पाठ लावून खाली बसलेला, तोंडाला फेस, चेहरा चुन्यासारखा. पडलो असं तो आजतागायत म्हणत नाही. "बसलो," म्हणतो. हृदय मधूनच ठोका विसरतंय असं निघालं. विसराळू मुलाला पाठीमागून कोणी सांगणारं लागतं तसं यालाही लागेल, असं डॉक्टर म्हणाले, आणि काडेपेटीएवढं एक यंत्र त्याच्या डाव्या खांद्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, बसवलं. शुद्धीवर आल्यावर तो पहिलं काय बोलला, तर, "आता मी पण बॅटरीवर." ती हसली होती तेव्हा. मग दवाखान्याच्या जिन्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली होती. आणि ते वाक्य तर त्याच्याही कितीतरी आधीचं होतं. दुसऱ्या कुठल्याशा संस्थेच्या जुन्या पुस्तिकेतून तिनं ते जसंच्या तसं उचललं होतं. चुंबकांपाशी अशी यंत्रं बिघडतात, तेव्हा नकोच तो धोका, अख्ख्या इमारतीला बंदी. अशा व्यक्ती म्हणजे तेव्हा कोणीच नव्हतं. नुसता एक शब्द होता, बहुवचनी, चेहरा नसलेला. नंतर त्याला चेहरा आला, आणि तरीही ती त्या पानाकडे परत फिरकली नव्हती. मसुदा सगळ्या विभागांकडे वाचायला गेला होता. त्याच्याकडेही गेला होता. त्यानं वाचला असणारच. तो काही बोलला नव्हता आणि तिनं काही विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर सासूबाईंनी दार उघडलं आणि नेहमीप्रमाणे आधी लेकाच्या हातातला मोबाइल काढून घेऊन खिडकीतल्या डब्यात ठेवला. दवाखान्यात कोणीतरी चुंबकापासून जपा एवढं बोललं, त्यातून त्यांनी घरापुरते नियम केले होते. फ्रिजच्या दारावरची फुलपाखरांची चुंबकं उतरली होती आणि त्यांनी धरून ठेवलेले कागद आता पिठाच्या डब्याखाली दाबलेले असत. मिक्सर चालू असेल तर त्यानं स्वयंपाकघरात यायचं नाही. टीव्ही पाहायचा तर पार भिंतीला टेकून. शिलाई मशीनला त्यांनी जुनी साडी गुंडाळली होती. "आई, शिलाई मशीन पायानं चालतं," तो म्हणाला होता. "मशीन ते मशीन," त्या म्हणाल्या होत्या. हे सगळं त्या रागानं नाही, अगदी मन लावून करत. सकाळी उठून घरातून एक फेरी मारत आणि काल सुटलेलं काहीतरी आज बंद करत. आज त्यांची नजर नव्या चादरींवर गेली. "यात ते चमचमणारे दोरे नाहीत ना गं? धातूचे?" त्यांनी विचारलं. तिला हसू फुटलं. खूप दिवसांनी असं, पोटातून आलं. "आई, अहो, चादर आहे ती! तुम्ही आता त्याला श्वास तरी घेऊ देणार आहात का?" तोही हसत होता. हसता हसताच, पाण्याचा पेला तोंडाला लावण्याआधी, अगदी सहज म्हणाला, "तिला कशाला हसतेस? दोघी सारख्याच तर आहात." पाणी पिऊन झाल्यावर त्यानं पेला पालथा घातला. "आईनं स्वयंपाकघर बंद केलं, तू इमारत बंद केलीस. तिकडे हिशेब विभागाच्या इमारतीत वर एक टेबल रिकामं आहे म्हणे माझ्यासाठी. खिडकीजवळचं. प्रमुख सांगत होते, हवा चांगली येते."

सासूबाई एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिल्या. ती म्हणाली, "मला वाटलं तू वाचलं नसशील ते पान." तो म्हणाला, "तुझी सगळी पानं वाचतो मी." मग थोड्या वेळानं, भांडणाचा सूर जराही न लावता, जणू शेजाऱ्याच्या गणिताबद्दल विचारत असावा तसं, "मी बदल म्हणत नाही. बदलूच नकोस माझ्यासाठी. मला एवढंच सांग, मोजलंस का?" तिनं मोजलं नव्हतं. उत्तर द्यायची गरजही पडली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर काही प्रश्नांची उत्तरं मानेच्या हालचालीतच कळतात. त्या दुपारी त्यानं नवी चादर अंथरली, एका हातानं, कोपरे चुकवत, आणि तिच्यावर आडवा होऊन झोपून गेला, आणि ती त्याच्या शेजारी जागी राहून त्याच्या छातीचं वरखाली होणं पाहत राहिली. त्याला आत ठेवायला तयार नसलेलं ते वाक्य तिनं मनातल्या मनात उलटंपालटं करून पाहिलं. आणि तिला त्याच्या मागे कोणीतरी दडून बसलेलं दिसलं. तीच बसली होती. खिडकीजवळचं ते टेबल तिला आवडलं होतं. अगदी खरं सांगायचं तर फार आवडलं होतं. तिथं तो बसलेला असेल, हवा येत असेल, संध्याकाळी उजेडात घरी येईल. बोगद्यात तासन् तास वाकून, त्या तिसऱ्या वळणाशी नळीवर छाती टेकवून, एक डोळा मिटून काहीतरी जुळवत बसणार नाही. त्या मशीनशी तिचं सवतीचं नातं आहे असं तो चिडवायचा आणि ती नाही नाही म्हणायची. कोणी मुद्दाम वाईट वागलेलं नव्हतं. सासूबाईंनी फुलपाखरं उतरवली तशीच तिनं एक इमारत उतरवून ठेवली होती. मायेच्या माणसाला मोजून माया करता येत नाही, हात आखडला तरी पंचाईत, सैल सोडला तरी पंचाईत, म्हणून मग सरसकट सगळं बंद. सरसकट हा किती सोयीचा शब्द आहे, तिला वाटलं. त्यात कोणाकडे बघावं लागत नाही.

सोमवारी ती विभागप्रमुखांकडे गेली. प्रमुख म्हणजे भला माणूस, निवृत्तीला टेकलेला, प्रत्येक कागदाकडे हा आपल्याला शेवटी कुठं घेऊन जाणार अशा नजरेनं बघणारा. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "मोजायचं? कशाला? बंदी आहे, वाद नाही. उद्या मोजून तुम्ही म्हणालात इथवर या, आणि तिथंच कोणी कोसळला तर? सही कोणाची? तुमची. आणि कोसळणारा कोण, हेही माहीत आहे आपल्याला." शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज मऊ झाला. ती म्हणाली, "म्हणूनच मोजायचं आहे, सर. नुसत्या भीतीपोटी सही करायची असेल तर ती मी आधीच केली आहे." त्यांनी टेबलावरची टाचणी उचलून ठेवली, पुन्हा उचलली. "चुंबकांची चाचणी चालू आहेच," ते म्हणाले. "झोत नाही, किरणोत्सर्ग नाही. पूर्ण ताकदीवर असताना मोजा, म्हणजे नंतर कोणाला शंका नको. पण आकडे वाईट आले तर तेही लिहायचे." ती म्हणाली, "ते तर लिहायचेच."

मोजायचं यंत्र टॉर्चएवढं होतं, पुढं एक चपटी दांडी आणि मागे आकडे दाखवणारी काच. चुंबकाचा जोर गॉसमध्ये मोजतात; पाच गॉसपर्यंत ठीक, त्याच्यापुढं हृदयाचं यंत्र बसवलेल्या माणसानं फिरकू नये, एवढी एक गोष्ट सगळीकडे मान्य होती. ती हातात खडू घेऊन बोगद्यात शिरली. बोगद्यात ती शेकडो वेळा आली होती. पण नेहमी बाहेर कसं पडायचं याचाच विचार करत, दारं आणि बाण आणि लाल बटणं बघत. आत कसं राहायचं हे बघायला ती पहिल्यांदाच येत होती. चुंबकं एका सुरात गुणगुणत होती, दूर कुठंतरी मोठं कुटुंब जेवायला बसलंय असा तो आवाज. तिला भीती वाटत होती ती या दांडीची नाही, आकड्यांची. छातीच्या उंचीवर मोजायचं म्हणून तिनं यंत्र स्वतःच्या छातीशी धरलं, दोन पावलं गेली आणि थांबली. तिच्या छातीचा काय संबंध? त्याची छाती वर होती. किती वर ते तिला फूटपट्टीशिवाय माहीत होतं. दारातून निरोप घेताना तिचं कपाळ बरोबर त्याच्या डाव्या खांद्याच्या हाडाखाली टेकायचं. म्हणजे आता जिथं ती काडेपेटी आहे, तिथंच. तिनं यंत्र उचलून कपाळाला लावलं आणि तशीच चालू लागली, डोळे वर करून काचेतला आकडा वाचत, वाचला की वाकून जमिनीवर खडूनं खूण करत. एक तंत्रज्ञ चाचणीच्या पेटीमागून तिच्याकडे बघत होता. "मॅडम, बरं वाटतंय ना?" त्यानं विचारलं. "अगदी छान," ती म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं की खरंच छान वाटतंय. आकडे लहान होते. चुंबकाला खेटलं की दांडी हातातून ओढल्यासारखी व्हायची, काच भराभर बदलायची, पण हातभर मागे सरकलं की सगळं ओसरायचं, आणि वाटेच्या मधोमध तर इतकं थोडं, की तिनं यंत्र बिघडलं का म्हणून झटकून पाहिलं. अख्खी इमारत! तिला लाज वाटली आणि हसूही आलं. भांडखोर म्हणून ज्याला गावभर नावं ठेवावीत, तो माणूस दाराशी गेल्यावर पाट देऊन बसवतो, तसं झालं होतं.

पण सगळंच तसं नव्हतं. तो एकदा म्हणाला होता, चुंबकं बंद असतील तेव्हा तर जायला हरकत नाही ना, आणि तिला ते पटलं होतं. वीज नाही तर चुंबक नाही. जेवणाच्या सुट्टीत चाचणी थांबली, गुणगुण विरली, आणि ती नुसतीच गंमत म्हणून यंत्र चालू ठेवून तिसऱ्या वळणाशी गेली. तिथं नळीखाली करड्या पेट्यांची एक ओळ होती. नळीतली उरलीसुरली हवा खेचून घेणारे ते पंप. दिसायला गरीब, आवाज नाही, दिवा नाही. ती वाकली, तो वाकतो तशी, नळीवर छाती आणून, एक डोळा मिटून. काचेतला आकडा उडाला. ती मागे आली, पुन्हा गेली. पुन्हा उडाला. पंपांच्या पोटात कायमची चुंबकं असतात, हे तिनं कुठंतरी वाचलेलं तिला आता आठवलं. त्यांना वीज लागत नाही, सुट्टी नसते, मशीन झोपलं तरी ती जागीच. बंद मशीनवर भरवसा ठेवून तो इथं आला असता. उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी सगळं थांबेल तेव्हा, कोणाला न सांगता, पाच मिनिटांत येतो म्हणून. तिनं जमिनीवर बसून पाठ भिंतीला लावली. बोगदा इतका शांत होता की स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येत होतं. घाबरून घातलेली तिची बंदी चुकीची होती, आणि हसत हसत दिलेली त्याची सूटही चुकीची होती. खरं काय ते फक्त या दोघांच्या मध्ये, वाटेवर, खडूच्या खुणांमध्ये होतं, आणि ते कोणाच्याही बाजूचं नव्हतं. तिनं तिसऱ्या वळणाच्या अलीकडे एक आडवी रेघ ओढली. तिथं वाट अरुंद होती, पंप टाळून पुढं जायला जागाच नव्हती. रेघ ओढताना खडू तुटला.

प्रमुखांनी तिचे आकडे बघितले, पान उलटलं, परत मागे आले. "छातीच्या उंचीवर म्हणजे कोणाच्या?" त्यांनी विचारलं. "तुमचे मिस्टर उंच आहेत," ते म्हणाले, चिडवत नव्हते. "पुस्तिका त्यांच्या एकट्यासाठी असेल तर माझी हरकत नाही, पण मग वर त्यांचं नाव घालावं लागेल." ती लाल झाली. मग पुन्हा बोगद्यात गेली आणि सगळी वाट पुन्हा मोजली, बुटक्या माणसाची, खुर्चीत बसलेल्या माणसाची, सामान ठेवायला वाकलेल्या माणसाची, बुटाची नाडी बांधायला टेकलेल्या माणसाची. तो तंत्रज्ञ आता तिच्याबरोबर फिरून आकडे लिहून घ्यायला लागला होता. या दुसऱ्या खेपेला तिचं कपाळ कामी आलं नाही. तिनं बांबूच्या काठीला यंत्र बांधलं आणि ज्यांना ती ओळखत नव्हती अशा माणसांच्या छात्या एकेक करून वाटेवरून चालवत नेल्या, आणि त्यातल्या एकेकाबद्दल तिला हळूहळू काहीतरी वाटायला लागलं, नाव माहीत नसलेल्या नातलगांबद्दल वाटतं तसं.

त्याला सांगायचं राहिलं होतं. ते तिनं घरी, नळ दुरुस्त करता करता सांगितलं. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो ओट्यासमोर पाना घेऊन बसला होता, ती त्याला वायसर आणि दोरा देत होती, आणि सासूबाई जरा दूर भाजी निवडत होत्या. ती म्हणाली, "इमारतीत येता येईल. बोगद्यातही. मधली वाट मोकळी आहे." त्याचे हात थांबले. तिनं पुढचंही लगेच सांगून टाकलं, नाहीतर राहिलं असतं. "तिसऱ्या वळणापर्यंत. तिथं नाही. मशीन बंद असलं तरी नाही." पान्याचं टोक त्यानं नळाला लावलं, काढलं. तिसरं वळण त्यानं स्वतः आखलं होतं, कागदावर, त्यांचं लग्न ठरत होतं त्या दिवसांत. आमंत्रणाच्या मजकुराच्या मागच्या बाजूलाही त्याची चित्रं होती. सगळ्यात तीव्र वळण तेच. झोत तिथं सावरला की पुढं घाबरायचं कारण नाही, असं तो सांगायचा. "किती?" त्यानं विचारलं. तिनं आकडा सांगितला. "वाकल्यावर?" तिनं तोही सांगितला. तो मान हलवत राहिला, एखादं गणित स्वतःच्या विरुद्ध सुटलं तरी बरोबर सुटलंय हे कळल्यावर हलवावी तशी. डोळे ओले झाले होते, ते त्यानं लपवले नाहीत. हात ग्रीसनं भरलेले होते, लपवणार कसे. "पंप," तो म्हणाला. "मीच बसवून घेतले ते तिथं. जास्तीचे." आणि मग, "तू ते बंद असताना मोजलंस?" "हो." "का?" "माहीत नाही. तू जाशील असं वाटलं." त्यानं पाना ओट्यावर ठेवला. "गेलोच असतो," तो म्हणाला.

सासूबाई भाजी सोडून उठून आल्या होत्या. "काय झालं? काय म्हणतेय ही?" तो म्हणाला, "काही नाही, आई. तुझ्या सुनेनं मला मोजून दिलं." त्या काही समजल्या नाहीत, पण लेकाचा आवाज त्यांना समजला. त्यांनी पदरानं त्याचं तोंड पुसलं, लहान पोराचं पुसावं तसं, आणि सुनेला म्हणाल्या, "मग माझ्या मिक्सरचंही मोज बाई एकदाचं." तिनं दुसऱ्या दिवशी यंत्र घरी आणलं. सासूबाई मिक्सर लावून कान झाकून उभ्या राहिल्या, आणि तिनं दांडी सगळीकडे फिरवून त्यांना आकडा दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो तीनदा वाचला. शिलाई मशीनवरची साडी त्यांनी स्वतः काढली. फुलपाखरं मात्र नाही लावली परत. "राहू दे," म्हणाल्या, "तेवढं माझ्या समाधानाला."

पुस्तिका समितीपुढं गेली, प्रश्न आले, उत्तरं गेली, वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दोन अटी घातल्या, त्याही आत आल्या. अशा व्यक्ती हे शब्द तिनं काढून टाकले. त्यांच्या जागी लिहिलं, हृदयाचं यंत्र बसवलेले सहकारी. मग एके दिवशी बोगद्यात जमिनीवर हिरवा रंग पडला. एक रुंद, सलग पट्टा. मोठ्या हॉलमधून निघून, जिन्याला वळसा घालून, बोगद्यात शिरून, तिसऱ्या वळणाच्या अलीकडे एका आडव्या पिवळ्या रेघेशी थांबलेला. रंग वाळल्यावर सकाळीच ती त्याला घेऊन आली. चुंबकं चालू होती. दोघांनी हेल्मेट घातली होती आणि तो पट्ट्याच्या मधोमध, जरा घाईनंच चालत होता, मग हळू, मग अगदी सावकाश. प्रत्येक चुंबकापाशी थांबून तो लांबूनच त्याच्याकडे बघत होता. दवाखान्यात त्याला भेटायला येणारे बघायचे तसं. ती त्याच्या मागे एक पाऊल होती. रेघेपाशी ती काही बोलायच्या आत तो स्वतःच थांबला. मान पुढं काढून त्यानं वळणाकडे पाहिलं. नळी तिथं डावीकडे झुकून दिसेनाशी होत होती. बराच वेळ तो तसा उभा होता. सांत्वनाचं एकही वाक्य तिला सुचत नव्हतं आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाक्य न सुचण्याचं काही वाटलं नाही. "सुंदर दिसतं ना इथून?" अखेर तो म्हणाला. "जवळून कधी असं दिसलंच नव्हतं. जवळून नुसते बोल्ट दिसायचे."

परत येताना हॉलमध्ये एक माणूस जिन्याच्या पायथ्याशी उभा होता. हॉलच्या छताला लागून मोठी क्रेन होती आणि ती चालवणारा तो. ठेंगणा, पिकल्या मिशांचा, वर केबिनमध्ये बसणारा, त्यामुळं खालच्यांना फक्त त्याचे बूट ओळखीचे. तो हिरव्या पट्ट्याच्या अगदी कडेवर उभा होता, ओल्या फरशीवर पाय ठेवावा की नाही असा. "साहेब," तो म्हणाला, आणि मग तिच्याकडे बघून, "मॅडम, हे मोजलंय ते सगळ्यांच्या उंचीचं, असं ऐकलं." ती हो म्हणाली. "म्हणजे माझ्याही?" ती पुन्हा हो म्हणाली, आणि मग तिला कळलं. त्याचा हात उजव्या खांद्याखाली होता. तिच्या नवऱ्याला तिच्याआधीच कळलं असावं, कारण तो दोन पावलं पुढं झाला होता. "कधीपासून?" त्यानं विचारलं. "झाली की बरीच वर्षं. हा जिना इथं ठेवलेल्या पंपांच्या सुट्या चुंबकांना खेटून जातो ना, चढताना दर वेळी इथं असा हात ठेवून जायचो. हातानं काय होतंय, पण बरं वाटायचं. सांगितलं असतं तर खाली उतरवलं असतं मला. खाली काय करणार मी? मला खालचं काही येत नाही." तिच्या मनात एकदम पाच-सहा गोष्टी उभ्या राहिल्या. वैद्यकीय अधिकारी, जिन्याची जागा, त्या सुट्या चुंबकांना आजच हलवायला हवं, याला आजच आपण बरोबर घेऊन जायला हवं. आणि याला उतरवू द्यायचं नाही, निदान मोजल्याशिवाय नाही. "मग आज का सांगताय?" तिनं विचारलं. त्यानं पट्ट्याकडे बोट दाखवलं. "रस्ता दिलात ना. रस्ता असल्यावर माणूस विचारतो."

"तुमचं उजवीकडे कसं काय?" तिचा नवरा विचारत होता. "मी डावखुरा, साहेब. ज्या हातानं काम करतो त्याच्या पलीकडे बसवतात." "असं होय! आणि बॅटरी? बदलताना दुखतं का हो?" "छे. फक्त हात महिनाभर वर करायचा नाही. बायको घास भरवते तेवढे दिवस. ते बरं असतं." "ऐकलंस?" तो वळून तिला म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर आजारपणाच्या आधीचं काहीतरी आलं होतं, नवं खेळणं मिळालेल्या माणसाचं. तिला त्यानं कधीच असं काही विचारलं नव्हतं, दुखतं का म्हणून. आपण घाबरतो म्हणून विचारलं नसेल, तिला वाटलं, आणि त्याचं वाईट न वाटता बरंच वाटलं. "बघू बघू," क्रेनवाला म्हणाला, "तुमची खूण केवढी आहे? माझी जुन्या पद्धतीची, भली मोठी." दोघांनी हेल्मेट काढून, तिच्याकडे न बघताच, तिच्या हातात दिली आणि शर्टाची वरची बटणं काढायला लागले. ती दोन्ही हेल्मेट धरून पाठमोरी झाली. मागे दोघं खुसखुसत होते, एकमेकांना "अरे वा" म्हणत होते, एक उंच आवाज, एक जाडा. हेल्मेटं आतून अजून उबदार होती. काम पुष्कळ पडलं होतं, पण तिनं त्यांना घाई केली नाही.